एकेरी कागद

चमच्याच्या कडेवर पाण्याचा थेंब लोंबत राहिला, लांबला, आणि पडता पडता कुणीतरी मागून धरल्यासारखा थबकला. मग पडला. सुनेनं मान हलवली. बरोबर जमलं होतं. एवढंच दाट पाणी सासूबाईंना गिळता येत होतं. याहून पातळ झालं तर ठसका लागे, आणि दाट झालं तर ते घशातच बसून राही. पाण्यात किती पूड घालायची ते डब्यावर छापलेलं होतं, पण तिचा छापलेल्यापेक्षा थेंबावर जास्त विश्वास. रंगाच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत, तिचं कामच ते होतं. तळाला भोक असलेल्या पेल्यात रंग ओतायचा आणि त्याची धार कधी तुटते ते पाहायचं. धार खोटं बोलत नाही, असं ती नव्यानं कामाला लागलेल्यांना सांगे.

अलीकडे मात्र नीट जमलेलं पाणीसुद्धा सासूबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यातून परत येऊ लागलं होतं.

आजार बोटांपासून सुरू झाला होता. सासूबाईंनी सारा जन्म कागदी पिशव्या चिकटवल्या. रद्दीचा कागद, पिठाची खळ आणि दोन हात, एवढ्यावर त्यांनी नवऱ्यामागे मुलगी आणि मुलगा वाढवले. एके दिवशी पिशवीची घडी तिरकी पडली. त्यांनी कागदाला दोष दिला. मग खळीला दिला, मग चष्म्याला. चष्मा बदलून झाला तेव्हा हातातून कात्री निसटू लागली होती. बोटांमागून दंड गेले, मग पाय, आणि आता जीभ आणि घसा. डोकं तेवढं लख्ख होतं. आत सगळं जागच्या जागी, आणि बाहेर यायची दारं एकेक करून बंद.

डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. पोटात नळी बसवून तिच्यातून अन्न देता येईल. बसवायची असेल तर छातीत जोर आहे तोवरच बसवावी, पुढे ते धोक्याचं होईल. नको असेल तर तोही रस्ता आहे. तोंडानं घेववेल तेवढं द्यायचं, त्रास होऊ न देण्याची औषधं आहेत, आणि मग जे व्हायचं ते होईल. "निवड त्यांची आहे," असं म्हणून त्यांनी खुर्ची सासूबाईंकडे वळवली होती. "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

सासूबाईंच्या तोंडून घोगरा, ओला आवाज आला होता. सुनेला तो स्वच्छ कळला. पण बोलला तो तिचा नवरा. "आत्ता नको म्हणतेय ती. बघू. आम्ही ठरवून सांगतो."

तेव्हापासून 'बघू' हे त्या घराचं छप्पर झालं होतं. सगळे त्याच्याखाली राहत होते. आता डॉक्टरबाईंनी सोमवारी उत्तर मागितलं होतं, आणि आज रविवार होता.

सुनेला उत्तर माहीत होतं, हीच तर अडचण होती. एका दुपारी अंग पुसताना सासूबाईंनी तिला थांबवून, एकेक शब्द ओढून काढत सांगितलं होतं, "नळी नको. पुरे." तिनं ते नवऱ्याच्या कानावर घातलं. तो टॉवेलची घडी घालत होता. घडी पुरी करून म्हणाला, "तुला तसं ऐकू आलं असेल."

त्यानंतर तिनं तोंड उघडलं नव्हतं. मुलानं म्हटलं तर तो निर्णय होतो, सुनेनं म्हटलं तर तो डाव ठरतो. 'सुनेनं सासूला उपाशी मारलं' हे वाक्य तिला नणंदेच्या आवाजात आधीच ऐकू येत होतं. त्या वाक्याला ती भीत होती. आणि त्याहून जास्त भीती याची वाटे, की आपण भ्यालो म्हणून सासूबाईंच्या पोटात नळी जाईल.

"झालं का पाणी?" नवरा आतून ओरडला. "आणि लवकर ये. आई काहीतरी म्हणतेय. 'पतंग' म्हणतेय की काय?"

ती वाटी घेऊन आत गेली. खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती, आणि दार थेट गच्चीत उघडत असे. दाराशी खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. बसल्या म्हणण्यापेक्षा, बसवून चहूबाजूंनी ठासल्या होत्या. दोन्ही कुशींना उशा, मानेमागे गुंडाळलेली चादर, पायांखाली गादी, गुडघ्यांमध्ये आणखी एक उशी. नवरा काचसामानाच्या कारखान्यात बांधणीवर होता. त्याच्या हातून गेलेल्या खोक्यातली काच कधी फुटून आली नाही, हा त्याचा अभिमान. घरीही तो तेच करी.

"प…तं…" सासूबाई म्हणाल्या.

"पतंगच म्हणतात," सून म्हणाली. "पतंग कर, असं म्हणतात."

नवऱ्याचा चेहरा एकदम उजळला. आई काहीतरी मागत होती आणि ते त्याला देता येण्यासारखं होतं. "आत्ता करतो! वा! लहानपणी तू आम्हाला रद्दीचे पतंग करून द्यायचीस, आठवतं? ताईचा नेहमी वर जायचा आणि माझा नेहमी गटारात. आज बघ कसा करतो."

तो आईशी असाच बोलायचा. भरपूर बोलायचा. सकाळी उठल्यापासून हवापाणी, कारखान्यातल्या गमती, जिन्यातलं मांजर, सगळं सांगायचा. फक्त तिला काही विचारायचा नाही. 'होय' म्हणायला नजर वर करायची आणि 'नाही' म्हणायला डोळे मिटायचे, हे डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं, आणि सून दिवसभर त्याच भाषेत सासूबाईंशी बोले. नवरा म्हणे, "माझ्या आईशी मी खुणांनी बोलू होय?" त्याला काही अडलं तर तो बायकोला हाक मारी, "काय म्हणतेय बघ गं." झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

सामान गोळा झालं. गच्चीच्या कोपऱ्यातल्या खराट्याच्या काड्या, रद्दीतलं वर्तमानपत्र, शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ, शेपटीसाठी जुना उशीचा अभ्रा. सुनेनं पातेलीत पीठ कालवून मंद आचेवर खळ ढवळली. हीही पुन्हा धारेचीच गोष्ट. पळी उचलल्यावर खळ फितीसारखी घरंगळायला लागली तशी तिनं पातेली उतरवली.

नवऱ्यानं मात्र खळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं बांधणीची तपकिरी चिकटपट्टी काढली. वर्तमानपत्राची पानं एकावर एक ठेवली, का, तर एकेरी कागद फाटेल. खराट्याच्या सगळ्यात जाड काड्या निवडल्या आणि त्याही जोडीनं बांधल्या, का, तर एकटी मोडेल. मग कडांना पट्टी, कोपऱ्यांना पट्टी, काडीवर पट्टी, पट्टीवर पट्टी. सासूबाई त्याच्या हातांकडे टक लावून पाहत होत्या.

"नाकापेक्षा मोती जड झालाय," सून हळूच म्हणाली.

"वाऱ्यानं फाटला म्हणजे?"

"फाटायला आधी वर तर जायला हवा ना."

"तू तुझे रंग तपास. बांधणी माझं काम आहे."

गच्चीत वारा चांगला होता. शेजारच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे ताठ झाले होते. नवऱ्यानं दोरा धरला, बायकोला पतंग उंच धरायला लावला आणि "सोड!" म्हणाला. तिनं सोडला. पतंग खाली पडला. तरंगला नाही, गिरकी घेतली नाही, ताटली पडावी तसा सपकन पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी त्याचा टोकदार कोपरा नवऱ्याच्याच पायावर बसला.

दाराकडून आवाज आला. सासूबाई हसत होत्या. या आजारात हसू सुटलं की आवरत नाही, हे सुनेला माहीत होतं. पण हे हसू आजाराचं नव्हतं. ते थेट त्या तपकिरी ताटलीला आणि तिच्या कर्त्याला उद्देशून होतं. नवराही आधी ओशाळला, मग हसला.

"का…ढ," सासूबाई म्हणाल्या. हसू ओसरलं होतं. "का…ढ."

नवऱ्यानं सवयीनं मान वळवली. "काय म्हणतेय गं?"

सुनेच्या ओठांवर शब्द आला होता. तो तिनं गिळला. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं सासूबाईंचा प्रत्येक शब्द या माणसापर्यंत पोचवला होता, आणि जो नको होता तो त्यानं 'तुला तसं ऐकू आलं असेल' म्हणून परत केला होता. निरोप्याला खोटं ठरवणं सोपं असतं.

"तुम्हीच विचारा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची आई आहे. विचारा तुम्ही. मला खळ गरम करायची आहे."

ती आत गेली. खळ गरमच होती. तरीही तिनं पातेली पुन्हा शेगडीवर ठेवली आणि पळी हातात घेऊन, कान बाहेर लावून उभी राहिली. असं उलट उत्तर ती त्याला सहसा देत नसे.

मग नवऱ्याचा आवाज आला, परक्या गावात रस्ता विचारणाऱ्या माणसाचा.

"काय काढू आई?" शांतता. "काय काढू म्हणतेस?" पुन्हा शांतता. अशा प्रश्नाला डोळ्यांनी उत्तर देता येत नाही, हे त्याला कळायला वेळ लागला. सून खळ ढवळत राहिली. शेवटी तो म्हणाला, "पट्टी काढू?"

आणि लगेच, आश्चर्यानं, "होय? होय म्हणालीस? सगळी? कोपऱ्यांची पण? बरं बाई, सगळी."

पट्टी ओढून काढल्याचा चर्र आवाज आला आणि तिच्याबरोबर कागदाचाही. ताटलीची लक्तरं झाली असावीत.

"आता नवाच करावा लागणार. करू? … करतो. कागद हाच घेऊ? एकच? फाटेल हं आई. एकच? … बरं. एकच."

सून खळ घेऊन बाहेर आली तेव्हा नवरा आईच्या खुर्चीसमोर मांडी घालून बसला होता. खराटा मोकळा करून काड्या पसरल्या होत्या. तो एकेक काडी आईच्या डोळ्यांसमोर धरत होता. "ही? … नाही. ही? … नाही. ही तर बोटानं मोडेल! ही? … ही होय?" त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. उत्तर बघायचं तर डोळ्यांत बघावं लागत होतं, आणि डोळ्यांत बघायचं तर गप्प बसावं लागत होतं. सुनेनं पातेली त्याच्या हाताशी ठेवली आणि उंबऱ्यावर बसली.

काडी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असते. आडवी कमान तशीच लावली तर एक पंख कडक आणि दुसरा लेचापेचा होतो. नवऱ्यानं तशीच लावायला घेतली तशा सासूबाईंनी डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले. तो गोंधळला. काडी फिरवून पाहिली, वर सरकवून पाहिली, खाली सरकवून पाहिली. डोळे मिटलेलेच. सुनेला कारण दिसत होतं आणि सांगायची ऊर्मीही येत होती, पण ती नख कुरतडत बसून राहिली. "जाड आहे म्हणून?" नजर वर. "सगळी जाड आहे?" मिटले. "एका बाजूला जाड आहे. हे टोक तासू?" नजर वर गेली आणि थोडा वेळ वरच राहिली, जणू 'किती वेळ लावलास रे गाठोड्या' म्हणाली. लहानपणी त्याला बारा महिने शालीत गुंडाळलेलं असे म्हणून त्या त्याला गाठोड्या म्हणत.

"गाठोड्या म्हणालीस ना मनात?" तो म्हणाला.

नजर वर.

सुनेला हसू आलं. तिनं तोंड फिरवलं.

खळ लावली ती पातळ, कडेपुरती. घडी त्यानं आईला दाखवून दाखवून घातली. दोरा बांधायची जागा ठरवायला बराच वेळ गेला. जरा वर, जरा खाली, आणखी जरा. उशीच्या अभ्र्याची चिंधी शेपटीला बांधली. त्याला ती आखूड वाटली. "आणखी लावू? गोता खाईल." डोळे मिटले. "आई, गोता खाईल हं." मिटलेलेच. त्यानं हातातली चिंधी खाली ठेवली.

खळ वाळेपर्यंत सुनेनं सासूबाईंना पाणी दिलं. आधीचं ठेवून ठेवून दाट झालं होतं, म्हणून पुन्हा केलं. बरंचसं परत आलं. नवऱ्यानं आज ते पाहिलं. रोज या वेळी त्याला काहीतरी आणायला जायचं असे.

पतंग सुनेच्या हातून सुटला तेव्हा आधी डावीकडे कलला, आणि तिला वाटलं, गेला. मग त्याला वारा सापडला. बातम्यांच्या रांगा, कसलीशी जाहिरात, कुणाचा तरी अर्धा चेहरा, सगळं थरथरत वर चढलं. नवरा दोरा सोडत मागे मागे आईच्या खुर्चीपाशी आला.

"हातात देऊ?"

नजर वर.

त्यानं दोरा आईच्या निर्जीव तर्जनीला गुंडाळला आणि वर आपला हात ठेवला. बोटं हलत नसली तरी त्यांना सगळं जाणवत होतं. पतंगाची प्रत्येक ओढ तिच्या चेहऱ्यावर येऊन पोचत होती. शेजारच्या गच्चीवर कपडे काढायला आलेली बाई काठी तशीच धरून वर बघत राहिली.

मग वाऱ्याचा जोराचा झोत आला आणि कागद मधोमध टर्रकन फाटला. पतंग काड्यांचा क्रूस होऊन पाण्याच्या टाक्यांपलीकडे गेला. दोरा सैल पडला.

"अरेरे!" नवरा म्हणाला. "तरी मी सांगत होतो. थांब, दुसरा करतो. जरा जाड कागद, आणि कडेला फक्त एकच…" बोलता बोलता त्याचं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे गेलं. तिथे हळहळ नव्हती. त्यानं वाक्य अर्धंच सोडलं, आणि आता अंगवळणी पडल्यासारखं विचारलं, "दुसरा करू?"

डोळे मिटले.

"पुरे?"

नजर वर गेली.

हाच शब्द होता. आज सुनेनं तो सांगितला नव्हता, त्यानंच शोधून काढला होता.

नवरा आईच्या पायांशी फरशीवर बसला. दोरा रिळावर गुंडाळू लागला. गुंता झाला, तो सोडवला, पुन्हा झाला. रिळाकडेच बघत तो म्हणाला, "आई, ती नळी." मग रीळ खाली ठेवलं आणि मान वर केली. डोळ्यांत बघितल्याशिवाय उत्तर कळणार नव्हतं. "नळी घालायची का?"

डोळे मिटले. मिटले ते संथपणे, आणि मिटलेलेच राहिले.

"दमली असेल," तो बायकोकडे न बघता म्हणाला. त्यानं ओठांवरून हात फिरवला आणि प्रश्न उलटा केला. "नळी घालायची नाही, असं म्हणतेस?"

नजर वर गेली.

"भीती वाटते म्हणून?" मिटले. "आम्हाला त्रास होईल म्हणून? खरं सांग. आमच्यावर भार नको म्हणून?" मिटले. "तुलाच नको आहे."

वर.

सून रोज नमुने तपासत असे. एकच मोजमाप दोन बाजूंनी घेऊन जुळलं तरच ती सही करी. तिला पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तो क्षण त्या दोघांचा होता. तो आईच्या गुडघ्यांमधली उशी काढून घेत होता. ती उशी बाजूला ठेवून त्यानं तिथे आपलं कपाळ टेकलं.

जिन्यावर पावलं वाजली. ताई नेहमी अर्ध्या जिन्यापासूनच बोलायला लागे. "हे मजले एक दिवस माझा जीव घेणार आहेत! दार उघडं का? वारा लागेल तिला!" खांद्यावरची पिशवी खाटेवर टाकून ती गच्चीच्या दारात आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय? खराटा कुणी मोडला? चिंध्या, खळ, काड्या… पोरखेळ चाललाय इथे? आणि आईची गुडघ्यांतली उशी कुठाय?"

"बस ताई," नवरा उठत म्हणाला.

"बसायला नाही आले. मी चौकशी करून आलेय. उद्या सकाळी गेलं तर उद्याच दाखल करून घेतात. परवापर्यंत नळी. किती दिवस भिजत घोंगडं ठेवायचं? बघ तिच्याकडे, गालाची हाडं वर आलीत." ती वहिनीकडे वळली. "तू शिकलेली ना गं? मापं घेतेस ना सगळ्याची? माणूस रोज किती झिजतंय ते दिसत नाही तुला? की उपाशीच ठेवायचंय तिला?"

आलं. ज्या वाक्याची वाट पाहत ती इतके दिवस जगली होती, ते अखेर आलं होतं. तिला वाटलं होतं तेवढं ते जड नव्हतं. "ताई," तिनं सुरुवात केली, "आईंनी मला…"

"तू थांब," नवरा म्हणाला.

ती थांबली. जुन्या सवयीनं तिला वाटलं, आता 'बघू' येणार. चहा ठेव म्हणेल, ताईला बसवेल, उद्या सकाळी ठरवू म्हणेल. तो दोघींच्या मध्ये उभा होता आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं. बोटांवर खळ वाळून तिची खपली झाली होती, ती तो खरवडत होता.

"तिला काही विचारू नकोस," तो ताईला म्हणाला. "ती मला केव्हापासून सांगत होती. मीच ऐकलं नाही."

"काय सांगत होती? काय ऐकलं नाहीस?"

त्यानं एकदा आईकडे पाहिलं. सासूबाईंची नजर आधीच त्याच्यावर होती.

"आईला नळी नको आहे, ताई. मी स्वतः विचारलं, सरळ विचारलं आणि उलटही विचारलं. उद्या डॉक्टरबाईंना मीच सांगणार. नळी घालायची नाही."